डावखुऱ्या लेकीचा बॉल

सत्तेचाळिसाव्या वर्षी एका बाईने माझी दोन्ही मनगटं धरून मला हात कसे पुढे करायचे ते शिकवलं, याचा मला अजून थोडा राग आहे. ती बाई म्हणजे आमची कोच. बेसिंगस्टोकमधल्या एका शाळेत ती आठवडाभर पोरांना जेवणाच्या रांगेत उभं करते आणि रविवारी आम्हा बायकांना फ्लॅग फुटबॉल शिकवते. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन. बॉल लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो एकीने फेकायचा आणि दुसरीने पळत जाऊन पकडायचा. यात कुणाच्या अंगावर धावून जायचं नाही, कुणाला पाडायचं नाही. प्रत्येकीच्या कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना एकेक कापडी पट्टी लटकवलेली असते. बॉल जिच्या हातात आहे तिची पट्टी समोरच्या संघातल्या कुणी ओढली की खेळ तिथेच थांबतो. चार प्रयत्नांत मैदानाच्या मध्यापर्यंत पोचायचं, पुढच्या चारांत शेवटच्या रेषेपलीकडे. एवढं कळलं की झालं. मला एवढं कळायला तीन रविवार लागले.

आमच्या संघात बॉल फेकायचं काम माझ्या मुलीचं. ती अठरा वर्षांची, चौदाव्या वर्षापासून हा खेळ खेळते. संघाला मैदानात पाच जणी लागतात. मे महिन्यात एकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली, एकीचा गुडघा गेला, आणि चारच उरल्या. पाच नसल्या की मॅच न खेळताच हरल्याचं धरतात. सप्टेंबरमध्ये मुलगी शिकायला मँचेस्टरला जाणार होती, म्हणजे हा तिचा इथला शेवटचा उन्हाळा, आणि तो असा वाया चालला होता. एका संध्याकाळी जेवताना ताटातून डोकं वर न काढता ती म्हणाली, "आई, तू येशील? तुला काही करायला नाही लागणार. फक्त उभी राहा."

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत वीस वर्षं काम करते. मला आजवर कुणी फक्त उभं राहायला सांगितलेलं नाही. पण मी हो म्हटलं, आणि त्याचं कारण खेळ नव्हतं. परीक्षा सुरू झाल्यापासून ती कानाला हेडफोन लावून दाराआड असायची. आमचं बोलणं धुवायचे कपडे आणि फोनचा चार्जर एवढ्यावर आलं होतं. तिच्याबरोबर आख्खा रविवार मिळणार म्हटल्यावर मी मैदानातला खांब व्हायलाही तयार होते.

पण खांब होणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या सरावापर्यंत मला एकच गोष्ट हवी झाली होती. खऱ्या मॅचमध्ये माझ्या मुलीने माझ्याकडे बॉल टाकावा, आणि तो मी पकडावा. एकदा. ती मँचेस्टरला जायच्या आत.

तर पकडण्याची रीत अशी. बॉल छातीच्या वर आला तर दोन्ही अंगठे जवळ, तर्जन्या जवळ, मधे छोट्या खिडकीएवढी जागा, आणि पंजे बॉलकडे. छातीच्या खाली आला तर उलट, करंगळ्या जवळ आणि तळवे वर. हात अंगापासून लांब. पकडायचं बोटांनी. तळव्यावर घेतला तर बॉल निसटतो, छातीवर घेतला तर आपटून उडतो. पकडला की लगेच काखेत दाबायचा, टोकावर बोटं पसरून. आणि तो काखेत जाईपर्यंत नजर बॉलच्या टोकावर. कोचने बॉलच्या टोकाजवळ काळ्या मार्करने आकडे लिहिले होते. पकडायच्या आत आकडा मोठ्याने म्हणायचा, म्हणजे तुम्ही बॉल खरंच बघताय हे तिला कळतं.

हे सगळं मला पहिल्याच दिवशी समजलं. समजणं आणि हातांनी ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंच आलेला, खाली आलेला, अंगावर आलेला, प्रत्येक बॉल मी ओंजळीतच घ्यायला जायची. उंच बॉल बोटांच्या टोकांवरून सटकून थेट नाकावर. शिवाय माझा उजवा हात नेहमी आधी पुढे जायचा आणि डावा त्याच्याखाली आधाराला यायचा, तोही उशिरा. बॉल डावीकडून आला तर मी सबंध अंग वळवून उजवा हात तिकडे न्यायची, आणि तेवढ्यात बॉल मागच्या झुडपात. तुझा डावा खांदा दुखतो का, असं कोचने विचारलं. नाही, म्हटलं. मग जेवताना काटा कुठल्या हातात धरतेस वगैरे विचारून झालं, आणि शेवटी तिने माझी मनगटं धरली.

घरी येताना गाडीत माझ्या लक्षात आलं. मी तीर्थ घेत होते. उजवा हात पुढे, डावा त्याच्याखाली, मान किंचित खाली. पुण्याला आमच्या घरी सत्यनारायणाच्या प्रसादाला डावा हात पुढे केला तर हातावर चापट बसायची. देणाऱ्याने घातलं की घ्यायचं, पुढे हात मारायचा नाही, हावरटपणा दिसतो. चाळीस वर्षं हातांनी एवढंच पाठ केलेलं. आता त्यांना अचानक सांगायचं की धावत जा, पुढे होऊन हिसकावून घे, डावा-उजवा बघू नकोस. पुढच्या रविवारी मी हे कोचला समजावून सांगितलं, जरा अभिमानानेच. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या देवळात प्रसाद डोक्यावरून फेकतात का. नाही, म्हटलं. मग इथे तसे हात नकोत, म्हणाली.

माझ्या उजव्या हातात एक सोन्याची बांगडी आहे. ती लग्नानंतर दोन वर्षांनी निघायची बंद झाली. खेळताना दागिने चालत नाहीत, म्हणून पहिल्या मॅचला पंचाने ती बघून आधी मला बाहेरच काढलं, मग साबण लावून बघ म्हणाला, आणि शेवटी तिच्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळली. त्या चिकटपट्टीसकट मी सोमवारी कामावर गेले. काय झालं, असं दिवसभरात नऊ जणांनी विचारलं.

माझा नवरा डॉक्टर आहे. रविवारी ड्यूटी नसली की तो घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन मैदानाच्या कडेला बसायचा. कॉलेजात तो क्रिकेट खेळायचा. किती चांगलं, ते सांगणारा एकच साक्षीदार मला भेटला आहे आणि तो साक्षीदार म्हणजे तोच. तो खुर्चीतून सांगायचा, हात मऊ ठेव, बॉलबरोबर मागे ने, पोटाशी घे. कोच सांगायची, पोटाशी नको. मी मधे. उंटावरून शेळ्या हाकू नकोस, हे मी त्याला दोनदा सांगितलं. मग तो गप्प बसला आणि सगळ्यांसाठी पोहे करून आणायला लागला. पोह्यांबद्दल मात्र संघात कुणाचं दुमत नव्हतं.

जूनमध्ये इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. संध्याकाळी कामावरून आल्यावर मी मुलीला म्हणायची, चल, घरामागच्या मैदानात मला चार बॉल टाक. ती यायची. आधी आनंदाने यायची, हेही सांगायला हवं. कुत्री फिरवणारे लोक कडेने जायचे आणि आम्ही दोघी मधे. माझी मुलगी डावखुरी आहे. उजव्या हाताने फेकलेला बॉल हवेत एका दिशेने गरगरतो, डाव्या हाताने फेकलेला उलट. हातात येताना तो वेगळा वळतो. बाकीच्या जणींनी टाकलेले मी निम्मे तरी पकडायची, हिचे मात्र बोटांतून निसटायचे. मी इंटरनेटवर शोधलं तेव्हा मोठमोठ्या खेळाडूंनाही डावखुऱ्याचे बॉल जड जातात असं वाचायला मिळालं. म्हणजे माझ्या बाजूने पुरावा होता.

अशाच एका संध्याकाळी माझ्या हातून सात बॉल सुटले. प्रत्येक बॉलनंतर मी काहीतरी बोलले. उंच टाकलास. लवकर टाकलास. एवढ्या जोरात कशाला, मी आई आहे तुझी. सातवा बोटावर बसला, करंगळीपर्यंत कळ गेली, आणि मी म्हटलं, डाव्या हाताने टाकतेस म्हणून होतं हे सगळं. तिने बॉल उचलला, काखेत धरला आणि ती घराकडे चालू लागली. मला वाटलं, तिला भूक लागली असेल. खरंच तसं वाटलं, आणि मी मागून ओरडून विचारलंही, कढी गरम करू का.

मग मॅच सुरू झाल्या, आणि मुलीने माझ्याकडे बॉल टाकला नाही. पहिल्या मॅचला मी म्हटलं, असेल, मी नवीन आहे. दुसरीला म्हटलं, वाऱ्यामुळे असेल. तिसऱ्या मॅचला मी मोजायला लागले. चाळीस मिनिटांत मी बावीस वेळा धावले. पाच पावलं पुढे, आत वळायचं, खिडकी करायची, आणि बॉल दुसऱ्या कुणाकडे तरी. समोरच्या संघांच्याही हे ध्यानात आलं असावं, कारण चौथ्या मॅचपासून माझ्यामागे कुणी यायचंच नाही. सबंध मैदानात माझ्याएवढी मोकळी बाई नव्हती. शेवटच्या रेषेपाशी मी एकटी, दोन्ही हात वर करून उभी, आणि माझी मुलगी तीन जणींच्या गर्दीत अडकलेल्या आमच्या दुसऱ्या एकीकडे बॉल टाकते. तो हिसकावला जातो. आम्ही हरतो. गाडीत ती हेडफोन लावते.

मी कोचकडे तक्रार केली. कोणाकडे टाकायचं हे फेकणारीने ठरवायचं, मी मधे पडत नाही, असं ती म्हणाली. नवऱ्याकडे तक्रार केली. तो पेपर वाचत होता. नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच तो म्हणाला, आणि त्या आठवड्यात मी त्याच्याशी फार बोलले नाही.

जुलैच्या शेवटी स्लाऊच्या मैदानावर मॅच होती. नवरा ड्यूटीवर होता, म्हणून मी आणि मुलगी दोघीच गेलो. हरलो, हे वेगळं सांगायला नको. परत येताना मोटरवेवर काम चालू होतं, गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. तिने हेडफोन काढायला बॅगेत हात घातला आणि माझा संयम सुटला. मी म्हटलं, त्या आधी मला सांग. पाच मॅच झाल्या. मी कुत्र्यासारखी धावते. तुला मी दिसत नाही का?

"दिसते ना," ती म्हणाली. "तू सगळ्यात जास्त ओपन असते. आय कॅन सी दॅट."

"मग टाकत का नाहीस? सुटेल म्हणून?"

"सुटलं तर काय, सगळ्यांचंच सुटतं." ती खिडकीबाहेर बघत होती. "पण तुझं सुटलं की तू माझ्याकडे बघते. बाकी सगळे नेक्स्ट प्लेला जातात आणि तू तिथेच उभी राहून माझ्याकडे बघते. जसं काय मीच काहीतरी सांडलं."

मी म्हटलं, असं काही नाही, तुझा गैरसमज आहे. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आणि डावा हात. आई, मी पाच वर्षांची होते तेव्हापासून डावा हात. पूजेला, जेवताना, कोणाकडे गेलो की. फुटबॉलमध्ये त्याच्यावर कोणी कधीच काही नाही बोललं. लिटरली कोणीच नाही. मग तू आलीस."

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. तुझ्याच भल्यासाठी, चार लोकांत बरं दिसत नाही, आम्हाला तर चापट बसायची, मी तुला कधी बोटही लावलं नाही. सगळी वाक्यं तयार होती. मी पुढच्या लॉरीकडे बघत राहिले. मला आठवलं की ती लहान असताना एका घरी गणपतीला आम्ही गेलो होतो. तिने प्रसादाला डावा हात पुढे केला. मी तो हलकेच मागे सारला आणि तिने उजवा पुढे करेपर्यंत धरून ठेवला. हलकेच, पण खोलीभर माणसांसमोर. तेव्हा मला वाटलं होतं की मी फार छान समजुतीने केलं. आता मला त्याची शरम वाटली. आणि हेही खरं, की हे सांगायला हिला मोटरवेच सापडला, जिथे मला उठून स्वयंपाकघरात जाता येत नाही, याचाही राग आला.

कामावर माझं दिवसभर तेच असतं. कुठला डोस चुकला, कुणी लिहिला, कुणी तपासला, कुठे निसटला. चूक कुणाची हे मी पाच मिनिटांत शोधते आणि त्यासाठी मला शाबासकी मिळते. संध्याकाळी घरी येताना ते काम मी तिथे ठेवून येत नव्हते. ही गोष्ट मला गेली अठरा वर्षं कुणी सांगितली नाही. किंवा सांगितली असेल, आणि मी सांगणाऱ्याचीच चूक काढली असेल.

मी माफी मागितली नाही. आमच्याकडे आई मुलीची माफी मागत नाही, ती तिच्या आवडीचं काहीतरी रांधते. मी दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी केली, वर भरपूर दाण्याचं कूट. तिने दोनदा घेतली, थँक्स म्हणाली, आणि पुढच्या रविवारच्या मॅचला माझ्याकडे बॉल टाकला नाही.

खिचडीने भागणार नाही हे कळल्यावर मी हातांना कामाला लावलं. गॅरेजच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारायचा आणि फक्त डाव्या हाताने पकडायचा, रोज शंभर वेळा. शेजारच्या म्हाताऱ्याने तीन दिवस सहन केलं, चौथ्या दिवशी घरी फुलं घेऊन आला आणि सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेला. पाठीवर पडून बॉल वर फेकायचा आणि चेहऱ्यासमोर बोटांनी धरायचा, हे मी दिवाणखान्यात करायची. त्यात छताच्या दिव्याची काच गेली. नवऱ्याने काचा गोळा केल्या आणि कुठलाही सल्ला दिला नाही. तो शहाणपणाच म्हणायचा.

सरावाला मात्र मी कोचकडे गेले आणि म्हटलं, मला डाव्या हाताने टाक. ती डावखुरी नाही, तिचे बॉल बदकासारखे हेलकावत यायचे, पण फिरायचे उलटे. दहा टाकले, तीन पकडले. प्रत्येक वेळी मी आकडा म्हणत होते. अकराव्याला ती बॉल हातात घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, तू म्हणालीस चार, यावर सात आहे. तू आकडे मनाने सांगतेस. मी तुझे डोळे बघत होते. बॉल निघाला की तू एकदा त्याच्याकडे बघतेस, आणि हातात यायच्या आधी परत फेकणारीच्या तोंडाकडे.

मला राग आला, कारण ते खरं होतं. बॉल सुटायच्या आधीच मी कारण शोधायला लागायची. बॉल कसा फिरतो याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या दिवशी पुढचे वीस बॉल मी फक्त टोक बघितलं. सात, सात, तीन, सात. बॉल कुणी टाकलाय हेही मला मधे मधे आठवत नव्हतं. विसातले तेरा हातात राहिले. मुलगी लांब दुसऱ्या टोकाला सराव करत होती. तिने बघितलं की नाही मला माहीत नाही.

शेवटची मॅच ऑगस्टच्या अखेरीला, आमच्याच मैदानावर. मुलीच्या खोलीत पाच खोकी भरून ठेवलेली होती, तव्यासकट. आम्ही त्या उन्हाळ्यात एक मॅच जिंकलो होतो, तीही समोरच्यांच्या तीन जणी आजारी होत्या म्हणून. या मॅचला शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही पाच गुणांनी मागे होतो. शेवटच्या रेषेपासून पंधरा पावलांवर, चार प्रयत्न शिल्लक. रेषेपलीकडे एकदा पोचलो की सहा गुण, म्हणजे जिंकलो.

पहिला प्रयत्न दुसरीच्या हातून सुटला. दुसऱ्याला मी पाच पावलं धावले, आत वळले, नेहमीसारखी खिडकी केली, आणि बॉल माझ्याकडे येत होता.

तो वाईट बॉल होता. हे मी आई म्हणून किंवा फार्मसिस्ट म्हणून सांगत नाही, कुणीही सांगेल. गुडघ्याच्या खाली आणि माझ्या मागे. मी थांबले, वळले, करंगळ्या जुळवल्या, खाली वाकले. तो डाव्या हाताच्या बोटांवर बसला, एक क्षण राहिला, आणि गवतात पडला.

माझी मान वळली. सवयच ती, मी थांबवायच्या आत वळली. मुलगी माझ्याकडेच बघत होती. खांदे कानांपर्यंत वर घेतलेले, ओठ दाबलेले. हातातून पेला सुटला की लहानपणी ती अशीच उभी राहायची, माझा आवाज यायची वाट बघत. मी तिला तसं किती वेळा बघितलं होतं, आणि ते कशामुळे आहे हे मला कधी कळलं नव्हतं.

मी हात वर केला. "माझी चूक," मी ओरडले, मराठीतच, बाकीच्या कुणाला कळो न कळो. "परत टाक."

ते खोटं होतं, निदान अर्धं तरी. मन मारूनच बोलले मी. तिचे खांदे लगेच खाली आले असं काही झालं नाही. ती वळली आणि बाकीच्यांना पुढचं सांगायला गेली. तिसऱ्या प्रयत्नाला तिने बॉल दुसऱ्या एकीकडे टाकला, सहा पावलं मिळाली. चौथा शेवटचा. माझ्यामागे कुणी नव्हतं, कारण आता कोण येणार माझ्यामागे. मी धावले, आत वळले. तिने उशीर केला, समोरच्या दोघी जणी तिच्या अगदी जवळ येईपर्यंत थांबली, आणि मग डाव्या हाताने उंच टाकला. फार उंच.

मी टोक बघितलं. आकडा नव्हता त्यावर, नुसतं तपकिरी टोक, उलटं गरगरणारं. अंगठे जवळ आले, तर्जन्या जवळ आल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या माझ्या पायांनी मला जेवढं वर नेता येईल तेवढं नेलं, म्हणजे फार नाही. बॉल बोटांत बसला आणि तिथेच राहिला. उतरले, काखेत दाबला, दोन पावलं टाकली, आणि कुणीतरी माझी पट्टी ओढली. रेषा तीन पावलांवर होती.

शिट्टी झाली. आम्ही हरलो. नवरा खुर्चीवरून उठून शतक झाल्यासारखा टाळ्या वाजवत होता. कोच म्हणाली की काखेत दाबायला वेळ लावलास, नाहीतर पोचली असतीस. तेही खरं होतं. मी बॉल सोडला नव्हता. मुलगी मैदानातून चालत माझ्यापर्यंत आली, घामाने केस कपाळाला चिकटलेले.

"आई," ती म्हणाली, "दोन्ही थ्रो वाईट होते."

"हो, वाईटच होते," मी म्हटलं. "पण टाकलेस."

 तिने माझ्या काखेतून बॉल ओढून घेतला, आठ-दहा पावलं मागे गेली आणि बोटाने मला जागा दाखवली. पाच पावलं पुढे, आत वळ. मॅच संपली होती, बाकीच्या जणी पट्टे सोडत होत्या, नवरा खुर्ची मिटत होता, आणि मी धावायला लागले.